अंदाज नको, पडताळणी हवी
कोड एडिटरमध्ये ‘डीबगर’ कसा बसवावा, कसा वापरावा आणि तो अडला तर काय तपासावे

बंद पडणारा प्रोग्रॅम फारसा घातक नसतो. तो जेथे अडला तेथे थांबतो, पडद्यावर चुकीचा संदेश आणतो आणि काहीतरी बिघडले आहे हे निदान कबूल तरी करतो. खरा घातक असतो तो सुरळीत चालणारा आणि चुकीचे उत्तर देणारा प्रोग्रॅम.

उदाहरणादाखल एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा हिशेब घेता येईल. थकबाकीवर दरमहा एक टक्का सरळव्याज आकारायचे, असा संस्थेचा ठराव आहे. एका सभासदाकडे १०,००० रुपये बारा महिने थकले, तर व्याज १,२०० रुपये आणि एकूण येणे ११,२०० रुपये होते. मात्र कोणा हौशी सभासदाने पायथॉन भाषेत लिहून दिलेला प्रोग्रॅम ११,२६८ रुपये २५ पैसे असा आकडा छापतो. प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा तो एका महिन्याच्या थकबाकीवर तपासला होता. त्या वेळी उत्तर १०,१०० रुपये आले आणि ते अचूक होते. त्यामुळे पुढे कोणालाही शंका आली नाही. अडुसष्ट रुपयांचा फरक किरकोळ वाटेल. पण ज्याच्या देयकावर तो छापला जातो, त्याचा संस्थेच्या हिशेबावरील विश्वास किरकोळ नसतो.

अशी चूक शोधण्याची सर्वपरिचित पद्धत म्हणजे प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘प्रिंट’च्या ओळी घालून मधले आकडे पडद्यावर आणणे. ती उपयोगी असली, तरी तिच्यात आधी चूक कोठे असेल याचा अंदाज करावा लागतो. अंदाज चुकला की नवी ओळ, पुन्हा चालवणे, पुन्हा वाचणे, असे चक्र सुरू होते. आणि काम झाल्यावर या सगळ्या ओळी आठवणीने काढून टाकाव्या लागतात. ‘डीबगर’ या साधनाचे काम निराळे आहे. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवणे, त्या क्षणी स्मृतीत काय आहे ते दाखवणे आणि मग एकेक पाऊल पुढे नेणे, हे ते काम होय. येथे अंदाजाची जागा प्रत्यक्ष निरीक्षण घेते.

शब्दामागची गोष्ट

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि ‘बग’ प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची मिश्कील नोंद केली. ती नोंदवही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ग्रेस हॉपर या संगणकतज्ज्ञ विदुषीने हा किस्सा लोकप्रिय केला. मात्र ‘बग’ हा शब्द त्या दिवशी जन्मलेला नाही. यंत्रातील दोषासाठी थॉमस एडिसनने तो १८७८ मधील एका पत्रात वापरला होता. नोंदवहीतील विनोद समजतो तो शब्द आधीच रूढ असल्यामुळे.

दोष शोधण्यासाठी स्वतंत्र साधने पुढे निर्माण झाली. १९८० च्या दशकात रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीडीबी’ हा डीबगर लिहिला आणि तो आजही वापरात आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांनी ‘टर्बो सी’च्या निळ्या पडद्यावर धडे गिरवले, त्यांच्यापैकी अनेकांना एफ ७ आणि एफ ८ या कळांनी एकेक ओळ पुढे सरकणे आठवत असेल. तोही डीबगरच होता. फरक इतकाच, की तेथे एडिटर, कम्पायलर आणि डीबगर एकाच पेटीत मिळत. आजच्या एडिटरमध्ये ते जुळवावे लागतात आणि नवख्याची गाडी नेमकी तेथेच अडते.

एडिटर वेगळा, डीबगर वेगळा

मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१५ मध्ये ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा मोफत एडिटर जाहीर केला आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर तो चालतो. हा एडिटर मुळात हलका ठेवलेला आहे. जावास्क्रिप्ट व नोड यांचा डीबगर त्यात आधीपासून असतो. पायथॉन, सी, जावा, पीएचपी आदी भाषांसाठी मात्र ‘एक्स्टेंशन’ नावाची पूरक साधने बसवावी लागतात.

या रचनेत तीन घटक असतात. पहिला एडिटर: लाल ठिपके, बटणे आणि तक्ते दाखवणारा दर्शनी भाग. दुसरा त्या भाषेचा डीबगर: प्रोग्रॅमला प्रत्यक्ष थांबवणारा आणि त्याची स्मृती वाचणारा. तिसरा या दोघांतील दुभाषा. ‘या ओळीवर थांब’, ‘थांबलो’, ‘या नावाची किंमत सांग’ अशा निरोपांची देवाणघेवाण ठरावीक नियमांनी होते. त्या नियमावलीला ‘डीबग अ‍ॅडाप्टर प्रोटोकॉल’ असे नाव आहे. ही नियमावली खुली असल्यामुळे व्हिम आणि इमॅक्स यांसारख्या जुन्या एडिटरांसाठीही तिच्यावर आधारित साधने निघाली.

ही विभागणी लक्षात ठेवणे उपयोगाचे ठरते. एक्स्टेंशन बसवले म्हणजे भाषा संगणकावर आली असे होत नाही. पायथॉन स्वतंत्रपणे बसवलेला नसेल, तर दुभाषा हजर असूनही बोलणारा दुसरा पक्षच नसतो. डीबगरची जुळवणी म्हणजे वस्तुतः चार प्रश्नांची नेमकी उत्तरे देणे होय: कोणती फाइल चालवायची, कोणत्या पायथॉनने चालवायची, कोणत्या फोल्डरमध्ये उभे राहून चालवायची आणि तिला कोणती माहिती पुरवायची. जुळवणीतील बहुतेक अडचणी या चारपैकी एखाद्या उत्तरात असतात.

पूर्वतयारी

पायथॉन त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोजवर तो बसवताना पहिल्याच खिडकीत खालच्या बाजूला ‘पाथ’मध्ये पायथॉन जोडण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण करावी. ही खूण राहून गेली, तर टर्मिनलमध्ये ‘पायथॉन’ असे टाइप केल्यावर काही वेळा पायथॉन सुरू होण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे स्टोअर उघडते.

कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन फोल्डर’ या पर्यायाने तो उघडावा. एकटी फाइल उघडून काम करण्याचा मोह टाळावा. कारण डीबगरची मांडणी फोल्डरच्या आधाराने ठेवली जाते. फोल्डर प्रथमच उघडताना त्याच्या लेखकावर विश्वास आहे का, असा प्रश्न एडिटर विचारतो. २०२१ मध्ये आणलेली ही सुरक्षेची सोय आहे. ‘नाही’ म्हटल्यास फोल्डर मर्यादित अवस्थेत उघडतो आणि त्या अवस्थेत डीबगर चालत नाही. स्वतःच्या फोल्डरला होकार द्यावा. महाजालावरून उतरवलेल्या अनोळखी फोल्डरच्या बाबतीत मात्र आधी आतील फाइली वाचाव्यात आणि मगच निर्णय घ्यावा.

फाइलला नाव देतानाही भान ठेवावे. पायथॉनच्या स्वतःच्या ग्रंथालयात ‘सीएसव्ही’, ‘रँडम’ अशी घटकांची नावे आहेत. आपल्या फाइलला तेच नाव दिले, तर पायथॉन ग्रंथालयातील घटक उचलण्याऐवजी आपलीच फाइल उचलतो आणि अनाकलनीय चुका दिसू लागतात.

एक्स्टेंशनची निवड

एडिटरच्या डाव्या कडेवरील चौकोनांच्या चिन्हावर क्लिक केल्यास, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्यास, एक्स्टेंशनचे दालन उघडते. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड ही कळ वापरावी. शोधाच्या चौकटीत ‘पायथॉन’ असे इंग्रजीत टाइप केल्यावर लांबलचक यादी समोर येते. त्यातील मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेले ‘पायथॉन’ हे एक्स्टेंशन निवडावे. ते बसवताच ‘पायथॉन डीबगर’ हे दुसरे एक्स्टेंशन त्याच्यासोबत येते. त्याच्या आतील यंत्रणेचे नाव ‘डीबगपाय’ असे आहे.

निवडीत घाई करू नये. एक्स्टेंशन हा एडिटरच्या आत चालणारा प्रोग्रॅमच असतो आणि वापरणाऱ्याला संगणकावर जे अधिकार असतात, जवळजवळ तेच त्यालाही मिळतात. तो फाइली वाचू शकतो आणि महाजालाशी संपर्क साधू शकतो. म्हणून नाव, प्रकाशक, शेवटच्या सुधारणेची तारीख आणि किती जणांनी ते उतरवले आहे, या चारही गोष्टी पाहाव्यात. प्रकाशकाच्या नावापुढील निळी खूण त्याचे संकेतस्थळ पडताळल्याचे दर्शवते. एक्स्टेंशन निर्दोष असल्याची ती हमी नव्हे.

आणखी एक बाब. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या खुल्या संहितेवरून इतरांनीही एडिटर तयार केले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या काही एक्स्टेंशनांचा परवाना मात्र त्या कंपनीच्या स्वतःच्या एडिटरपुरता मर्यादित आहे. सी आणि सी प्लस प्लस भाषांचे एक्स्टेंशन त्यांपैकी एक होय. दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी ही अट आधी पाहून घ्यावी.

कोणता पायथॉन?

एकाच संगणकावर दोन-तीन पायथॉन असणे ही नित्याची गोष्ट आहे. एक प्रणालीसोबत आलेला, एक नंतर बसवलेला आणि एखादा विशिष्ट कामापुरता तयार केलेल्या ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’मधील. पूरक ग्रंथालये त्यांपैकी एकात बसवायची आणि प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवायचा, असे झाले की ‘घटक सापडत नाही’ हा संदेश ठरलेला. तो वाचून अनेक जण तेच ग्रंथालय पुन्हा पुन्हा बसवत राहतात आणि ते पुन्हा पुन्हा चुकीच्या घरी जाऊन पडते.

यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळांनी आज्ञांची चौकट उघडावी आणि ‘पायथॉन: सिलेक्ट इंटरप्रीटर’ ही आज्ञा निवडावी. समोर येणाऱ्या यादीत प्रत्येक पायथॉनची आवृत्ती आणि त्याचा पत्ता दिसतो. त्यातून हवा तो निवडावा. पायथॉनची फाइल उघडी असताना एडिटरच्या तळाच्या पट्टीवर उजवीकडे निवडलेली आवृत्ती दिसते. काही बिनसले की सर्वप्रथम तेथे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. जुन्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की पायथॉन २.७ चा अधिकृत पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला असून आजचा डीबगर त्या आवृत्तीसाठी नाही.

पहिला थांबा

आता संस्थेच्या हिशेबाकडे परत येता येईल. प्रोग्रॅममध्ये बारा वेळा फिरणारे एक आवर्तन आहे. प्रत्येक फेरीत तो बाकीच्या एक टक्का व्याज काढतो आणि ते बाकीत मिळवतो. व्याज बाकीत मिळवणाऱ्या ओळीच्या क्रमांकाच्या डावीकडील मोकळ्या पट्टीत क्लिक करावे, किंवा त्या ओळीवर असताना एफ ९ दाबावे. तेथे लाल ठिपका उमटतो. हाच ‘ब्रेकपॉइंट’, म्हणजे थांबा.

त्यानंतर एफ ५ दाबावे. प्रथमच विचारणा झाल्यास ‘पायथॉन डीबगर’ आणि मग ‘पायथॉन फाइल’ हे पर्याय निवडावेत. ज्या लॅपटॉपवर वरच्या कळा आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी असतात, तेथे ‘एफएन’ ही कळ सोबत दाबावी लागते. ‘एफ ५ चालत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण असते.

प्रोग्रॅम सुरू होतो आणि ठिपक्याच्या ओळीवर येऊन थांबतो. ती ओळ ठळक रंगात उजळते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. उजळलेली ओळ अद्याप चाललेली नसते. ती आता चालणार असते. हे विसरले की दिसणारे आकडे एका पावलाने मागे वाटतात आणि गोंधळ होतो.

डावीकडील ‘व्हेरिएबल्स’ या तक्त्यात त्या क्षणीची सर्व नावे आणि त्यांच्या किमती दिसतात. पहिल्या थांब्यावर बाकी १०,००० आणि व्याज १०० दिसते. सारे ठीक आहे. एफ ५ दाबून पुढच्या फेरीला जावे. दुसऱ्या थांब्यावर बाकी १०,१०० आणि व्याज १०१ दिसते. चूक येथे उघडी पडली. ठराव सरळव्याजाचा असताना प्रोग्रॅम व्याजावर व्याज आकारत आहे. चक्रवाढीने बारा महिन्यांत ६८ रुपये २५ पैसे अधिक लागतात ते यामुळेच. आणि पहिल्या महिन्यात सरळ व चक्रवाढ व्याज सारखेच असल्याने एका महिन्याच्या तपासणीत चूक दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मूळ थकबाकी एका वेगळ्या नावाखाली ठेवून व्याज नेहमी तिच्यावरच काढावे, ही दुरुस्ती झाली. दोन थांब्यांत चुकीची जागाही कळली आणि कारणही कळले.

पुढे सरकण्याच्या तीन चाली आहेत. एफ १० ने उजळलेली ओळ पूर्ण करून पुढच्या ओळीवर जाता येते. एफ ११ ने त्या ओळीत बोलावलेल्या उपकार्याच्या म्हणजे ‘फंक्शन’च्या आत शिरता येते. शिफ्ट आणि एफ ११ ने त्या फंक्शनमधून बाहेर पडता येते. नवखे वापरकर्ते सतत एफ ११ दाबतात आणि नको तेवढ्या तपशिलात शिरून वाट चुकतात. जे फंक्शन भरवशाचे आहे त्यावरून एफ १० ने पुढे जावे आणि ज्याच्याविषयी शंका आहे त्यातच शिरावे. येथवर कसे पोहोचलो हे पाहायचे असल्यास ‘कॉल स्टॅक’ हा तक्ता पाहावा. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची ती उतरंड असते.

मांडणीची फाइल

एकच फाइल चालवायची असेल, तर वरील पायऱ्या पुरेशा आहेत. प्रोग्रॅमला बाहेरून माहिती द्यायची असेल, दुसऱ्या फोल्डरमधून चालवायचा असेल किंवा रोज तीच मांडणी हवी असेल, तर ती लिहून ठेवावी लागते. ‘रन अँड डीबग’ दालनातील दुव्याने ‘लाँच डॉट जेसन’ ही फाइल तयार होते आणि ती प्रकल्पातील ‘डॉट व्हीएसकोड’ या उपफोल्डरमध्ये राहते.

त्यातील मोजक्या नोंदी समजून घेतल्या तरी काम भागते. ‘टाइप’ ही नोंद कोणता डीबगर वापरायचा ते सांगते. तेथे आता ‘डीबगपाय’ असे लिहितात. जुन्या मार्गदर्शिकांत ‘पायथॉन’ असे असते आणि ती पद्धत मागे पडली आहे. ‘रिक्वेस्ट’ या नोंदीत ‘लाँच’ म्हणजे प्रोग्रॅम स्वतः सुरू करणे आणि ‘अटॅच’ म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला जोडले जाणे. ‘प्रोग्रॅम’ म्हणजे चालवायची फाइल. ‘आर्ग्ज’ म्हणजे सुरू करताना पुरवायची माहिती. ‘सीडब्ल्यूडी’ म्हणजे ज्या फोल्डरमध्ये उभे राहून प्रोग्रॅम चालवायचा तो. ‘कन्सोल’ येथे ‘इंटिग्रेटेड टर्मिनल’ असे असल्यास वापरणाऱ्याकडून माहिती टाइप करून घेणारे प्रोग्रॅमही नीट चालतात.

यांतील ‘सीडब्ल्यूडी’ सर्वांत फसवी आहे. ती न लिहिल्यास एडिटरमध्ये उघडलेला मुख्य फोल्डर गृहीत धरला जातो. प्रोग्रॅमची फाइल ज्या उपफोल्डरमध्ये आहे तो नव्हे. त्यामुळे सभासदांची यादी प्रोग्रॅमशेजारीच ठेवलेली असूनही ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. यादी हरवलेली नसते; प्रोग्रॅम तिला दुसऱ्या खोलीत शोधत असतो.

थांबा लागत नाही तेव्हा

डीबगर सुरू केल्यावर लाल ठिपका पोकळ आणि करडा झाला, तर डीबगरला तो थांबा नोंदवता आलेला नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

चालणारी फाइल आणि ठिपका असलेली फाइल एकच आहे का? ‘चालू फाइल’ अशी मांडणी असेल, तर एफ ५ दाबताना जी फाइल समोर असेल तीच चालते. दुसरीच फाइल समोर असल्यास थांब्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही.

ती ओळ प्रत्यक्षात चालते का? शेरा, रिकामी ओळ किंवा कधीच खरी न ठरणाऱ्या अटीच्या आतील ओळ यांवर प्रोग्रॅम थांबणार नाही.

प्रोग्रॅम कंट्रोल आणि एफ ५ या कळांनी सुरू केला का? ती आज्ञा डीबगरविना चालवण्याची आहे. तीत सर्व थांबे दुर्लक्षिले जातात.

थांबा ग्रंथालयाच्या आत आहे का? पायथॉन डीबगर मुळात वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संहितेपुरताच थांबतो. ग्रंथालयाच्या आत शिरायचे असल्यास ‘जस्ट माय कोड’ ही नोंद बंद करावी लागते.

अटीचा थांबा

दोनशे सभासदांच्या यादीत सदनिका क्रमांक ४७ चेच देयक चुकत असेल, तर सेहेचाळीस वेळा एफ ५ दाबण्यात अर्थ नाही. लाल ठिपक्यावर उजवे क्लिक करून ‘एडिट ब्रेकपॉइंट’ निवडावे आणि तेथे अट लिहावी. ती खरी ठरेल तेव्हाच प्रोग्रॅम थांबेल. वरील उदाहरणात ‘व्याज १०० पेक्षा अधिक’ एवढी अट घातली असती, तर प्रोग्रॅम थेट दुसऱ्या फेरीत थांबला असता.

अटीत दोन ठिकाणी घसरण्याची शक्यता असते. समानता तपासण्यासाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. एकदाच लिहिल्यास पायथॉनच्या व्याकरणात ती अट ठरत नाही. शिवाय सीएसव्ही फाइलमधून वाचलेला ‘४७’ हा सहसा आकडा नसून मजकूर असतो. त्याची तुलना आकड्याशी केली, तर ती कधीच खरी ठरत नाही. मजकुराची तुलना अवतरणचिन्हांतील मजकुराशीच करावी.

प्रोग्रॅम न थांबवता केवळ नोंद हवी असल्यास ‘लॉगपॉइंट’ वापरावा. प्रोग्रॅम त्या ओळीवर येताच ठरवलेला मजकूर ‘डीबग कन्सोल’मध्ये उमटतो. जुन्या ‘प्रिंट’चेच हे काम, मात्र मूळ फाइलला हात लागत नाही, त्यामुळे नंतर काही पुसावे लागत नाही.

इतर भाषांचे काय?

एडिटरमधील दालने, ठिपके आणि कळा सर्व भाषांना सारख्याच असतात. पूर्वतयारी तेवढी बदलते. जावासाठी जेडीके संगणकावर असावे लागते. सी आणि सी प्लस प्लससाठी कम्पायलर आणि जीडीबी किंवा एलएलडीबी यांपैकी एक डीबगर वेगळा बसवावा लागतो. शिवाय प्रोग्रॅम कम्पाइल करताना डीबगसाठीची माहिती त्यात ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो, अन्यथा ओळींचे आणि नावांचे दुवेच उरत नाहीत.

पीएचपीच्या बाबतीत ‘एक्सडीबग’ हा घटक पीएचपीमध्ये आणि त्याचे जोडीदार एक्स्टेंशन एडिटरमध्ये, अशा दोन ठिकाणी जुळवणी करावी लागते. येथे पीएचपीच एडिटरला हाक मारतो आणि एडिटर ठरावीक पोर्टवर ती ऐकत असतो. एक्सडीबगच्या २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून हा पोर्ट ९००० ऐवजी ९००३ झाला. जुनी मार्गदर्शिका वाचून ९००० लिहिणाऱ्यांना म्हणूनच ना चुकीचा संदेश मिळतो, ना थांबा.

दार उघडे ठेवू नये

दुसऱ्या संगणकावर किंवा सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला डीबगर जोडता येतो. डीबगपाय त्यासाठी एखाद्या पोर्टवर वाट पाहतो. उदाहरणांत सहसा ५६७८ हा क्रमांक आढळतो. ही सोय जपून वापरावी. या पोर्टपर्यंत जो पोहोचेल, तो त्या प्रोग्रॅमच्या आत हवी ती आज्ञा चालवू शकतो. म्हणून पोर्ट १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यापुरता ठेवावा आणि दूरचा संगणक जोडायचा असल्यास सुरक्षित एसएसएच मार्गाने जोडावा. प्रत्यक्ष ग्राहक वापरत असलेल्या सेवेवर थांबा लावणे तर सर्वथा टाळावे. तेथे प्रोग्रॅम थांबला की ग्राहकही थांबतो.

‘लाँच डॉट जेसन’ ही फाइल प्रकल्पासोबत सहकाऱ्यांकडे जाते, हेही विसरू नये. पासवर्ड आणि गुप्त कळा तिच्यात लिहू नयेत. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल सामायिक साठ्याबाहेर राखावी.

साधनाची मर्यादा

डीबगरने सर्व चुका सापडतात असे नाही. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्रॅममधील काही चुका वेळेच्या सूक्ष्म फरकावर अवलंबून असतात. डीबगरने गती मंदावताच त्या नाहीशा होतात आणि तो बंद करताच परत येतात. तेथे नोंदींचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय डीबगर काय घडले ते दाखवतो. काय घडायला हवे होते ते तो सांगू शकत नाही. संस्थेचा ठराव सरळव्याजाचा आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला १०१ हा आकडा पाहूनही काही खटकणार नाही.

‘एडसॅक’ या ब्रिटिश संगणकाचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे, की उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव त्यांना १९४९ च्या सुमारास झाली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात पानेच्या पाने संहिता लिहून देतात. आता स्वतःच्या चुकांत न लिहिलेल्या संहितेतील चुकांची भर पडली आहे. अशी संहिता वाचायला सुबक असते आणि एका महिन्याच्या थकबाकीवर तिचे उत्तरही बरोबर येते. ती दुसऱ्या महिन्यात काय करते, हे पाहण्यासाठी कोणीतरी तिला मध्येच थांबवून आत डोकवावे लागते. डीबगर बसवण्यात जाणारा अर्धा-पाऊण तास त्यासाठीच खर्ची घालायचा असतो.

लक्षात ठेवण्याच्या कळा

एफ ९ – थांबा लावणे किंवा काढणे
एफ ५ – डीबगर सुरू करणे. थांबलेला असल्यास पुढच्या थांब्यापर्यंत जाणे
एफ १० – चालू ओळ पूर्ण करून पुढे जाणे
एफ ११ – फंक्शनच्या आत शिरणे
शिफ्ट आणि एफ ११ – फंक्शनमधून बाहेर येणे
शिफ्ट आणि एफ ५ – डीबगर बंद करणे
कंट्रोल आणि एफ ५ – डीबगरविना प्रोग्रॅम चालवणे